संशोधन काय कामाचं ते नंतर बघू, आधी नोंदी ठेवा

नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्रातला ऑक्सिजन कसा संपला, किंवा सिडनीतले काकाकुवे कचऱ्याचे डबे उघडायला एकमेकांकडून कसे शिकले, असली बातमी कुणी ग्रुपवर टाकली की आमच्या जळगाव-धुळ्याकडे पहिला रिप्लाय ठरलेला असतो, "हाई काय कामनं शे भो?" आणि खाली हसण्याचे इमोजी. दुसरा रिप्लाय जरा चिडका असतो, की इथं कित्येक गावांत नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, कापसाला भाव नाही, आणि लोकांचा पैसा असल्या उद्योगांवर घालायचा का. पहिला रिप्लाय मला आवडतो कारण तो प्रामाणिक आहे, आणि दुसरा टाळता येत नाही कारण पैसा खरंच लोकांचा आहे. पण या दोघांना जी उत्तरं सहसा मिळतात ती काही मला पटत नाहीत. विज्ञानाची बाजू घेणारे लगेच सुरू होतात, बघा लेझर असाच निघाला, इंटरनेट असंच निघालं, उद्या यातूनही काहीतरी निघेल. निघेल की. आणि नाही निघालं तर? हे म्हणजे लॉटरीचं तिकीट गळ्यात मारल्यासारखं झालं.

माझं म्हणणं असं आहे की संशोधनाला लोकांचा पैसा द्यायचा का नाही हे त्याच्या निकालावरून ठरवूच नये. ते काम करताना जी नोंद तयार होते, म्हणजे मोजमापं, नमुने, तारखा, ठिकाणं, लेबलं, ती पन्नास वर्षांनी भलत्याच माणसाला भलत्याच प्रश्नासाठी वापरता येईल का, एवढं विचारावं. येत असेल तर विषय कितीही फालतू वाटू दे, खर्च वाया गेला असं म्हणता येत नाही. आणि येत नसेल तर विषय कितीही उपयोगाचा असू दे, शेतीचा असू दे, पाण्याचा असू दे, तो पैसा गेला.

याचा सगळ्यात भारी पुरावा आपल्या खान्देशातच आहे आणि आपल्यातल्या फार थोड्या लोकांना तो माहीत आहे. रानपिंगळा. वीतभर घुबड, आपल्या नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्यासारखंच दिसतं पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पाय जाडजूड पांढऱ्या पिसांचे, आणि घुबड असून दिवसाही शिकार करतं. १८७२ मध्ये याचा पहिला नमुना मिळाला, तो इकडे नाही, आताच्या छत्तीसगडच्या भागात. ॲलन ह्यूमनं १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. मग १८८० च्या दशकात खान्देशात जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याला पक्षी गोळा करायचा नाद, त्यानं शहादा-तळोद्याच्या बाजूला आणखी काही नमुने मिळवले, कातडी भरून लेबल लावून ठेवली. शेवटचा नमुना १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं दिसलाच नाही. जगातल्या सगळ्या म्युझियममध्ये मिळून खरे नमुने फक्त सात.

मधे एक भानगड होती. रिचर्ड माइनर्ट्सहागेन नावाचा ब्रिटिश कर्नल, पक्षीशास्त्रातला मोठा माणूस समजला जायचा, त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि लेबलवर लिहिलेलं की १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला. म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात हे बसलं की हा पक्षी १९१४ पर्यंत होता आणि तो गुजरातेतही होता. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ते कातडं बारकाईनं तपासलं, आतलं भरण, टाके, ठेवण सगळं, तर लक्षात आलं की हा नमुना मुळात डेव्हिडसनचा, ब्रिटिश म्युझियममधून लांबवलेला, परत शिवून वर खोटं लेबल लावलेलं. मग त्यांनी खोटी जागा यादीतून काढून टाकली आणि जुन्या खऱ्या लेबलांवर जी गावं होती तिकडे शोधायला निघाल्या. सोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. छत्तीसगडकडे काही मिळालं नाही, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उघड्यावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये पार ठाणे जिल्ह्यातल्या तानसाला सापडला, आणि २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचा धोका एक पायरी कमी धरला गेला.

आता यात कामाचं काय होतं ते बघा. डेव्हिडसन काही रानपिंगळा वाचवायला निघाला नव्हता, त्या काळच्या साहेबांना पक्षी मारून जमवायचा शौक असायचा, मला त्याचं कौतुक करायचं नाहीये. पण त्यानं लेबलवर जागा आणि तारीख बरोबर लिहिली. बस, एवढंच. दुसऱ्याचं लेबल खोटं होतं तर त्यानं शोधाची दिशा किती वर्षं भरकटवली. एक खरी नोंद आणि एक खोटी नोंद, दोन्हींचा परिणाम शंभर वर्षांनी आपल्या शहाद्यात झाला.

समुद्राच्या बाबतीत नेमकं हेच आहे, फक्त काळ मोठा.

आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो लाव्ह्याचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. असे लाव्ह्याचे पूर पृथ्वीवर बऱ्याचदा आलेत. सायबेरियात साधारण २५.२ कोटी वर्षांपूर्वी आला तेव्हा समुद्रातल्या दहातल्या जवळपास नऊ जाती संपल्या. ९.४ कोटी वर्षांपूर्वी परत समुद्राचा बराच भाग ऑक्सिजनविना गेला, त्याचाही संबंध समुद्राखालच्या मोठ्या ज्वालामुखींशी लावतात. साखळी अशी, ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, हवा-पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो हे एक, आणि उष्ण-दमट हवेत दगड जास्त झिजतात, फॉस्फरससारखी खतं नद्यांतून समुद्रात जातात, शेवाळ माजतं, मरतं, तळाला जातं, ते कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवून टाकतात, हे दुसरं. मग खाली कुजणं फार मंदावतं, गाळ काळाकुट्ट होऊन साचत जातो. हा काळा गाळ जगभरच्या समुद्रतळात एकाच काळातला सापडतो हे बघून १९७६ मध्ये श्लांगर आणि जेनकिन्स या दोघांनी ‘समुद्रव्यापी ऑक्सिजन-अभावाच्या घटना’ अशी कल्पना मांडली. आणि त्यांना ते दिसलं कशामुळे, तर १९६८ पासून ग्लोमार चॅलेंजर नावाचं जहाज समुद्राच्या तळाला भोकं पाडत हिंडत होतं. ते जहाज काही ऑक्सिजन शोधायला गेलं नव्हतं, समुद्राचा तळ पसरतो की नाही, खंड सरकतात की नाही हे तपासणं त्याचं मोठं काम होतं. गाळाच्या नळकांड्या वर आल्या, त्यांच्यावर नंबर पडले, त्या जपून ठेवल्या गेल्या.

(ज्यांना उपयोगच हवा आहे त्यांच्यासाठी, याच काळ्या गाळातून पुढे जगातलं बरंचसं खनिज तेल तयार झालं. म्हणजे तेव्हाच्या समुद्राचा श्वास कोंडल्यावर जे साचलं ते जाळून आपण परत तीच साखळी सुरू करतोय. उपयोग झाला म्हणायचं.)

कोटी वर्षांचं जाऊ द्या, शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्या कुणालाही विचारा. पाणी हिरवंगार झालेलं असतं, आजूबाजूच्या शेतातला युरिया पावसानं वाहून आलेला असतो, दोन-तीन दिवस ढगाळ जातात, वारा पडलेला, आणि मग एखाद्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, आणि सूर्य उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. ज्याच्याकडे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळायचं यंत्र, आहे तो ते चालू करतो, ज्याच्याकडे नाही तो पंपानं तळ्यातलंच पाणी वर उडवत बसतो, आणि नाही जमलं तर उन्हं वर येईपर्यंत पांढरी पोटं वर. दुपारी तपासायला या, मीटरवर ऑक्सिजन भरपूर दिसेल.

हा पहाटेचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. गोड्या पाण्यात २० अंशाला साधारण ९ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. भुसावळचा मे महिना आठवा. म्हणजे आपल्या तापीला, गिरणेला, पांझरेला उन्हाळ्यात मुळात हात आखडूनच मिळतो, त्यात शहराचं सांडपाणी, त्यात खत. तापीच्या पाण्याचे नमुने सरकारी पातळीवर ठरलेल्या ठिकाणी घेतले जातात, विरघळलेला ऑक्सिजन त्यात मोजतात, काहीच होत नाही असं म्हणायचं कारण नाही. पण महिन्यातून एकदा दिवसाउजेडी भरलेली बाटली पहाटेबद्दल काही सांगत नाही. मासा मरतो तो पहाटे.

आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्रात जाते. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा जो पट्टा आहे तो जगातल्या सगळ्यात जाड ऑक्सिजन-कमी पट्ट्यांपैकी एक. सगळ्या समुद्रांचा मिळून ऑक्सिजन १९६० नंतर सुमारे दोन टक्क्यांनी घटला, असा हिशेब २०१७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी जुनी मोजमापं गोळा करून मांडला. जुनी मोजमापं, लक्षात घ्या. १९६० च्या दशकात जहाजावर बसून कुणीतरी बाटलीत पाणी भरून त्याचा ऑक्सिजन मोजला, आकडा वहीत लिहिला, म्हणून आज दोन टक्के हा शब्द उच्चारता येतो. १९६० चं पाणी आज कितीही कोटी दिले तरी मोजता येणार नाही.

इथं कुणी म्हणेल, ठरलं की मग, तापमान वाढलं की ऑक्सिजन घटतो, अजून कशाला गाळ उकरायचा. तर प्रकरण इतकं सरळ नाहीये. फोरामिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे जीव असतात, त्यांच्या चुनखडी कवचात अडकलेल्या नायट्रोजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण बघून त्या वेळी समुद्रात ऑक्सिजन-कमी पट्टे किती मोठे होते याचा अंदाज लागतो. २०२२ मध्ये याच पद्धतीनं केलेलं काम आलं, आणि त्यात असं दिसलं की साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीच्या आणि नंतरच्याही उष्ण काळात हे पट्टे मोठे नव्हते, उलट आक्रसलेले होते. आजच्या अंदाजाच्या उलटं. एक कारण असं मांडतात की तेव्हा विषुववृत्ताजवळचे वारे मंद होते, त्यामुळे खालचं खतवालं पाणी वर कमी यायचं आणि शेवाळ कमी माजायचं. यानं आपल्या नातवंडांना दिलासा मिळत नाही, कारण तो लाखो वर्षांचा हिशेब आहे आणि पुढच्या शंभर वर्षांत ऑक्सिजन घटतच जाणार असं दिसतंय. पण अरबी समुद्रावर ज्या कोकण किनाऱ्याचं, गुजरातच्या मासेमारीचं पोट आहे, तिथं वारा, मान्सून आणि खत यांपैकी कोण किती जबाबदार हे समजायचं असेल तर ते याच गाळातून समजेल. त्या गाळाच्या नळकांड्या तीन ठिकाणी थंड कोठारात ठेवल्यात, जर्मनीत ब्रेमेनला, अमेरिकेत टेक्सासला आणि जपानमध्ये कोचीला. हिंदी महासागराचा मोठा साठा कोचीला आहे (केरळातलं कोची नाही, जपानमधलं, मला पण आधी बरं वाटलं होतं). आणि ज्या जॉइडिस रेझोल्यूशन जहाजानं २०१५ मध्ये भारताच्या भागीदारीत अरबी समुद्रात खोदकाम केलं ते २०२४ मध्ये बंद झालं, खर्च परवडेना म्हणून. बंद करणं एका सहीचं काम.

आता पक्षी.

ऑक्सफर्डजवळ वायथम नावाचं जंगल आहे, फार मोठं नाही. तिथं डेव्हिड लॅक या शास्त्रज्ञानं १९४७ मध्ये ग्रेट टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी घरट्याच्या पेट्या लावून मोजायला सुरुवात केली. किती अंडी, कधी घातली, किती पिल्लं उडाली. त्याला प्रश्न पडलेला एवढाच की पक्ष्यांची संख्या कशानं आटोक्यात राहते. ते मोजणं आजपर्यंत चालू आहे. हवामान बदलाचा विषय तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता, पण २००८ मध्ये याच नोंदींवरून दिसलं की हे पक्षी १९६० च्या मानानं जवळपास दोन आठवडे आधी अंडी घालायला लागलेत. आणि मग २०१५ मध्ये लुसी ॲप्लिन आणि सहकाऱ्यांनी याच जंगलात तिसरीच गोष्ट तपासली. पायात बारीक चिप असलेले पक्षी, आत अळी ठेवलेली एक डबी, डबीचं दार डावीकडे सरकवलं तरी उघडतं आणि उजवीकडे सरकवलं तरी उघडतं. जंगलाच्या एकेका भागातले दोन-दोन नर पकडून काहींना डावं शिकवलं, काहींना उजवं, आणि सोडून दिलं. तीन आठवड्यांच्या आत त्या त्या भागातल्या सरासरी तीन चतुर्थांश पक्ष्यांना डबी उघडता यायला लागली, आणि जिथं डाव्याची सुरुवात झाली तिथं डावंच, जिथं उजव्याची तिथं उजवंच. दुसरीकडूनही उघडतं हे ज्यांना स्वतःला कळलं तेसुद्धा बहुमताकडे वळले. पुढच्या हिवाळ्यात निम्म्याहून जास्त जुने पक्षी राहिलेले नसताना ती रीत टिकून होती. ज्याला आपण गावची रीत म्हणतो ती पक्ष्यात असते, हे रानात, मोजून, दाखवता आलं. आणि आलं ते अर्धं काम आधीच झालेलं होतं म्हणून, पेट्या होत्या, पक्ष्यांना नंबर होते, सत्तर वर्षांची सवय होती.

इंग्लंडात दुधाच्या बाटल्यांची झाकणं फोडून वरची साय खाणारे टिट तर १९२१ पासून नोंदलेत, साउथॅम्प्टनजवळच्या एका गावापासून, आणि ते कसं पसरलं हे फिशर आणि हाइंड यांनी १९४९ मध्ये लोकांकडून आलेल्या पत्रांवरून जुळवलं. सिडनीचे काकाकुवे पण तसेच, २०१८ च्या आधी फक्त तीन उपनगरांतून डबे उघडल्याच्या खबरी होत्या, २०१९ संपेपर्यंत ४४ उपनगरांतून. लोकांनी डब्यावर विटा ठेवल्या, पक्षी विटा ढकलायला शिकले, मग लोकांनी बिजागरीत बूट खुपसले. आणि यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे एकाच रस्त्यावरचे लोक एकसारखे उपाय करतात असं निघालं, म्हणजे माणसंही शेजाऱ्याचं बघूनच शिकत होती. दादर ज्वारीच्या शेतात बुजगावणं उभं केलं, चमकपट्ट्या बांधल्या, की चार दिवस बरे जातात आणि मग पाखरं त्याच्याच डोक्यावर बसतात, हे आपल्याकडे काही नवीन नाही. पण एक पाखरू शिकलं की थवा किती दिवसांत शिकतो, उपाय आलटून पालटून केला तर किती टिकतो, याची खान्देशातली ज्वारी-बाजरीवरची नोंद असती तर शेतकऱ्याला पट्ट्यांचे पैसे कधी घालायचे हे तरी कळलं असतं. हा बघा उपयोग, हवा होता ना.

ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर मात्र मनाला लागतो. काही शेच उरलेत. नर पिल्लं गाणं मोठ्या नरांकडून ऐकून शिकतात, आणि आता रान इतकं मोकळं झालंय की कित्येक कोवळ्या नरांना शिकवायला आपल्यातला कुणी भेटतच नाही, मग ते दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी म्हणतात आणि माद्या त्यांच्याकडे फारशा फिरकत नाहीत. २०२१ मध्ये हे छापून आलं. म्हणजे संख्या कमी होते तेव्हा नुसती डोकी कमी होत नाहीत, येत असलेलं पण जातं. आता कुणी ही गोष्ट उचलून रानपिंगळ्याला चिकटवू नये, घुबडांचे आवाज बहुतेक उपजत असतात, त्यांचं तसं होत नाही. पण माळढोकासारख्या पक्ष्याला पिंजऱ्यात वाढवून माळरानावर सोडायचं ठरवताना हा प्रश्न समोर येतोच, की याला जगायचं कोण शिकवणार, आणि ते कळायला रानातले पक्षी एकमेकांकडून काय घेतात हे आधी कुणीतरी बघून ठेवलेलं लागतं. पक्षी संपायच्या आधी. नंतर नाही बघता येत.

परत त्या चिडक्या रिप्लायकडे येतो. पाणी नाही आणि हे कुठं काढलंत. याला माझं उत्तर असं की ज्या देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे, सरकारी-खासगी सगळा मिळून, तिथं काळ्या गाळानं आणि चिमणीएवढ्या पक्ष्यांनी नळाचं पाणी पळवलं असं म्हणणं म्हणजे गाढवाचं ओझं मुंगीवर टाकणं आहे. पाणी का येत नाही याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत आणि ती प्रयोगशाळेत नाहीत. हां, एक गोष्ट मात्र मान्य, पैसा आहे तो कुठं जातो हे विचारायलाच पाहिजे. २०२३ च्या कायद्यानं जे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं त्याचा पाच वर्षांचा आकडा ५०,००० कोटी सांगितला गेला आणि त्यातला मोठा हिस्सा, ३६,००० कोटी, सरकारबाहेरून यायचा आहे. कंपनी पैसा देईल तर तिला तीन वर्षांत काहीतरी हातात हवं असणार, त्यात तिची चूक नाही. पण कुठलीही कंपनी सत्तर वर्षं पक्ष्यांची अंडी मोजायला पैसे देणार नाही, नदीचं पहाटेचं पाणी तर मुळीच नाही, त्यातून तिला अडचणच व्हायची. म्हणून लोकांचा पैसा आधी तिथं गेला पाहिजे जिथं दुसरा कुणी देत नाही. उपयोगाच्या कामाला गिऱ्हाईक मिळतं, नोंदीला मिळत नाही.

आणि खरा राग यायचा तर याचा यावा की आपल्याकडे उपयोगी संशोधनाच्या नावावर काय चालतं. प्राध्यापकाला प्रमोशनला पॉइंट लागतात, पॉइंटला पेपर लागतात, पेपरला पैसे घेऊन छापणारी जर्नल आहेत. त्या पेपरात नदीचे आकडे असतात, विषय एकदम लोकोपयोगी, पण नमुना कुठल्या घाटावर घेतला, किती वाजता, किती बाटल्या, काही नसतं, आणि कधीकधी आकडे इतके गोड गोल असतात की विचारूच नये. हा माइनर्ट्सहागेनचाच धंदा आहे, लहान प्रमाणात. फरक एवढाच की त्याचं लेबल खोटं आहे हे पकडायला खरे सात नमुने शिल्लक होते. आपल्या तापीबद्दल कुणी उद्या खोटं लिहिलं तर ते कशाशी ताडून बघायचं?

काय करता येईल ते काही रॉकेट सायन्स नाहीये. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ ची आहे आणि बीएस्सीच्या पोरांना येते. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न येऊ देता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, तपकिरी साका खाली बसतो, आम्ल घातलं की पिवळा रंग येतो, स्टार्चनं निळा, आणि ब्युरेटमधून थायोसल्फेटचे थेंब सोडत निळा रंग गेला की थांबायचं. तापीकाठी भुसावळपासून प्रकाशा गावापर्यंत कॉलेजं आहेत, गिरणेवर आहेत, पांझरेवर आहेत, शहाद्याला गोमाईवर आहे. प्रत्येक कॉलेजनं एक घाट धरावा, ठरलेल्या वारी सूर्य उगवायच्या आधी बाटली भरावी, आकडा आणि पाण्याचं तापमान त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल असं टाकावं. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर थंडीत बदकं मोजणारी मंडळी आहेतच, जानेवारीतली पाणपक्षी गणना आशियात १९८७ पासून चालू आहे, त्यांच्या याद्या कॉलेजच्या कपाटात नीट लावून ठेवायचं काम कुणाच्या तरी पगारात बसवावं. यावल-तोरणमाळच्या रानपिंगळ्याला हौशी फोटोवाल्यांच्या भरवशावर सोडू नये.

अडचण पद्धतीची नाहीच, माणसाची आहे. हे काम तीन वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही, प्रोजेक्ट संपला की फेलोशिपवरचं (जेआरएफ) पोरगं पुण्याला जातं, बाटल्या धूळ खातात, आणि आकडे त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये. वायथममध्ये लॅक गेला तरी मोजणं थांबलं नाही कारण ते काम त्याच्या एकट्याच्या नावावर नव्हतं. आपल्याकडे विद्यापीठांनी एक सोपा नियम करावा, पाच वर्षं सलग ठेवलेली आणि सगळ्यांना खुली असलेली नोंद ही पेपरएवढीच धरावी, प्रमोशनला तेवढेच पॉइंट द्यावेत. आणि नोंद ठेवणाऱ्या माणसाची जागा कायम करावी, तासिका तत्त्वावर नको. पहाटे साडेपाचला घाटावर जाणाऱ्या माणसाला तासावर पैसे देऊन चालत नाही, त्याला पुढच्या वर्षी पण तिथंच जायचं आहे हे त्याला माहीत पाहिजे.